नाव बदलून फाइल उघडत नसते, दाजी

‘फाइल ओपन होत नाही? दुकानात पैसे घालवू नका’ असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांत फिरतोय. उपाय चार: फाइलच्या नावातलं एक्स्टेंशन (शेवटच्या डॉटनंतरची अक्षरं) बदलून पीडीएफ करा, अँटीव्हायरस बंद करून पुन्हा उघडा, पेनड्राइव्ह फॉरमॅट मागत असेल तर करून टाका, डेटा नंतर रिकव्हर होतो, नाहीच जमलं तर रीस्टार्ट. खाली ‘जनहितार्थ’. परवा तो तासगावच्या आमच्या दाजींपर्यंत पोचला आणि त्यांनी बेदाण्याच्या सौद्यांच्या एक्सेल फाइलवर पहिला उपाय करूनही पाहिला.

बॉक्सवर काजू लिहिलं म्हणून आतल्या बेदाण्याचा काजू होतो का? एक्स्टेंशन म्हणजे निव्वळ पाटी. खात्री करायची तर फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून पीडीएफ ही अक्षरं दिसतात. दाजींच्या फाइलीत पहिली दोन अक्षरं होती इंग्रजी पी आणि के, पुढे नुसता अगम्य पसारा. पीके म्हणजे फिल कॅट्झ, फाइली दाबून एकत्र बांधणाऱ्या झिप फॉरमॅटचा जनक. ऑफिस 2007 पासून वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली आतून झिपच असतात. पीडीएफ रीडरला पीडीएफची खूण सापडली नाही, त्यानं ‘फाइल डॅमेज्ड’ म्हणून हात झटकले, आणि दाजी ती डिलीट करायला निघाले! मूळ दुखणं काय, तर नव्या कॉम्प्युटरवर एक्सेलच नव्हतं. नाव पूर्ववत केलं, एक्सेलच्या फाइली उघडणारं, फुकट मिळणारं लिब्रेऑफिस टाकलं, सगळे सौदे जागच्या जागी.

बरं, एवढं मान्य. रिनेम करताना चुकून एक्स्टेंशनच पुसलं गेलं असेल, तर मूळचं होतं ते परत लिहिल्यावर फाइल उघडते. मेसेजवाल्यानं हे कुठंतरी अर्धवट ऐकलेलं दिसतंय.

अँटीव्हायरस बंद करा, हे वाचून मात्र डोकंच फिरलं. अहो, विंडोज ओळखीची एक्स्टेंशन मुळातच लपवून ठेवतं. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे क्लिक करताच चालू होणारा प्रोग्रॅम) असं नाव असेल तर तुम्हाला दिसतं फक्त ‘बिल डॉट पीडीएफ’. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला तो याच आडोशानं. मेलला जोडलेली फाइल साध्या मजकुराची वाटायची, पण खरं शेवटचं एक्स्टेंशन होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. लोकांनी प्रेमपत्र समजून क्लिक केलं आणि त्यानं त्यांच्या फोटोंच्या फाइलींवर स्वतःच्या प्रती लिहिल्या. अशी फाइल ‘उघडत नाही’ हे तुमचं नशीब समजा. अँटीव्हायरसनं अडवलं तर आधी पाठवणाऱ्याला फोन लावा. आणि फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन्सवर आजच टिक करा, म्हणजे पूर्ण नाव दिसेल.

फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्यानं आधी स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंवर तो करून बघावा. क्विक फॉरमॅटनंतर कधीकधी डेटा परत मिळतो, खरं आहे. पण फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढली असेल तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं, मग कुठली रिकव्हरी? कॅन्सल दाबा, ड्राइव्ह काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा.

रीस्टार्टला हरकत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमनं फाइल धरून ठेवली असेल तर त्यानं सुटते.

नेहमी अडणाऱ्या दोन गोष्टी तर मेसेजात नाहीतच. डाउनलोड अर्धवट झालेलं असतं: पाठवणाऱ्याकडे फाइल किती एमबीची आहे ते विचारा, आपली कमी भरली तर परत मागवा. आणि ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते म्हणजे ती बिघडलेली नसते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, त्याला जोडून जन्मवर्ष. टाका, उघडेल.