सोळा बार आणि एक आई

इकडे अमेरिकेत ज्युनिअर इयर, म्हणजे अकरावी, संपत आलं की एका संध्याकाळी डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता तुमची मुलगी सांगेल, "आई, मला म्युझिकल थिएटरमध्ये बीएफए करायचंय." बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स. घाबरू नका. हसून "अरे वा!" म्हणा, मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावा आणि 'बीएफए नंतर पगार किती' असं शोधा. शोधून झाल्यावर ते पुसायला मात्र विसरू नका, कारण आयपॅड सगळ्या घराचा एकच असतो. मी विसरले होते. पुढे पंधरा दिवस आमच्याकडे डिशवॉशर कुणी लावला नाही.

आता कामाला लागा. पहिलं काम म्हणजे नवऱ्याला समजावणं, की हा छंद नसून पदवी आहे, रीतसर चार वर्षांची. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये नाटकाची पदवी १९१४ पासून मिळते हे त्याला आकड्यासकट सांगा. इंजिनिअर माणूस आहे, सन ऐकला की मऊ पडतो. जागा किती असतात हे लगेच सांगू नका. तिथे म्युझिकल थिएटरच्या अख्ख्या वर्गात दहा-बारा मुलं असतात, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनहून मिनीव्हॅनच्या दोन फेऱ्यांत सगळी बॅच पोचेल. आयआयटीच्या जागा हजारांत मोजतात. आपल्या वेळी आपण ज्या परीक्षेला देशातली सगळ्यात अवघड समजत होतो ती तशी बऱ्यापैकी उदार होती, हे कळायला नवऱ्याला एक आठवडा द्या.

मग सांगलीला फोन लावा.

माझे सासरे सांगलीचे. नाट्यपंढरीचे म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला तो जणू आमच्या वाड्याच्या ओसरीवरच झाला, अशा तपशिलात ते सांगतात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'मध्ये उभे राहिले, त्या प्रयोगाला त्यांचे वडील हजर होते. होते की नव्हते यावर घरात दोन मतं आहेत, पण सासऱ्यांसमोर एकच. तर दर ५ नोव्हेंबरला ते फॅमिली ग्रुपवर मराठी रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा टाकतात, नटराजासकट. गेल्या वर्षीही टाकल्या. आणि त्याच रात्री फोन करून विचारलं, "ते नाटकाचं ठीक आहे गं, पण फार्मसीचा फॉर्म भरलात ना?"

तेव्हा वाचकहो, घरात नाटकाची परंपरा असेल तर जास्त काळजी घ्या. परंपरा भिंतीवर टांगायची असते. ती कॉलेजच्या फॉर्मवर लिहायची वेळ आली की सगळ्यांना फार्मसी आठवते.

त्यात नातीने व्हिडिओ कॉलवर उत्साहाने सांगितलं, "आजोबा, मला फक्त सोळा बार मिळतात गायला!" ऑडिशनला अख्खं गाणं गाऊ देत नाहीत, सोळा किंवा बत्तीस मात्रागटांचा तुकडा कापून न्यायचा असतो आणि त्या मात्रागटाला इकडे बार म्हणतात. हे आजोबांना कुणी सांगितलं नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला एकट्याला फोन केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पैशाची एवढी अडचण होती तर मला सांगायचं होतंस."

पैशांचा विषय निघालाच आहे. व्हॉइस टीचर वेगळी, डान्सचे क्लास वेगळे, मोनोलॉग, म्हणजे स्वगत, घासून घेणारा कोच वेगळा, आणि 'ऑडिशन कोच' म्हणून आणखी एक असतो, तो बाकी तिघांचं चुकतंय असं सांगतो. तासाचा दर ऐकल्यावर डॉलरचे रुपये करत बसू नका. ती सवय १९९९ सालीच सुटायला हवी होती. हेडशॉट काढून घ्या, आठ बाय दहाचा. फोटोग्राफर म्हणेल, "मला तुझं खरं रूप हवंय." त्या खऱ्या रूपाचे चारशे डॉलर आणि मेकअपचे निराळे. प्रवेश मिळालाच तर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो, पण त्याची चिंता आत्ता कशाला? आत्ता प्रीस्क्रीनची चिंता आहे.

प्रीस्क्रीन म्हणजे ऑडिशनला बोलवावं की नाही हे ठरवण्यासाठी मागवलेले व्हिडिओ. दोन गाणी, परस्परविरोधी स्वभावाची. मोनोलॉग. नाच. हल्ली बऱ्याच कॉलेजांनी मिळून नियम सारखे केलेत म्हणतात, तरी प्रत्येकाचं एक शेपूट वेगळं राहतंच: कुणाला साठ सेकंद, कुणाला नव्वद, कुणाला डोक्यापासून पायापर्यंत, कुणाला कमरेपर्यंत. आम्ही अठरा कॉलेजांची एक्सेल शीट केली. नवऱ्याने तिला रंग दिले, फिल्टर लावले, पिव्होट टेबल केलं. मुलीने काय गायचं ठरवलंय याचा कॉलम शेवटपर्यंत रिकामा होता, पण शीट अप्रतिम झाली होती. महाराष्ट्र मंडळातल्या तीन घरांनी ती मागून नेली. त्यातल्या दोघांची मुलं कॉम्प्युटर सायन्सला आहेत.

शूटिंग बेसमेंटमध्ये करा. मागे निळी चादर लावा आणि तिच्यावरच्या घड्या इस्त्रीने मोडा. ती इस्त्री आई करते, हे रेझ्युमेत कुठेही येत नाही. शूटिंगच्या आदल्या दिवशी स्मोक डिटेक्टरच्या बॅटऱ्या बदला. हा या लेखातला एकमेव खरा सल्ला आहे. आमचा डिटेक्टर दर चाळीस सेकंदांनी 'चीं' करत होता आणि मोनोलॉग सत्तर सेकंदांचा होता, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. टेक सत्तावीस: पोरगी डोळ्यांत पाणी आणून शांत उभी, बाप शिडीवर, हातात नऊ व्होल्टची बॅटरी, मी फोन धरून श्वास रोखलेला. चीं. घरात तीन डिटेक्टर होते. आम्ही चुकीच्याची बॅटरी बदलली होती.

शेवटचा व्हिडिओ असतो वाइल्डकार्डचा. स्वतःचं काहीही करून दाखवायचं, मिनिटभर. इथे आईबापांनी संस्कृती आणावी. मी म्हटलं, नाट्यगीत म्हण, कॉलेजांना वेगळेपण हवं असतं. मुलीने विचारलं, "कोणतं?" मी म्हटलं, ऐकवते थांब, आणि यूट्यूबवर शोधायला लागले, कारण मला एकाचंही दुसरं कडवं येत नव्हतं. रविवारच्या मराठी शाळेतून आम्ही तिला सहा महिन्यांत सोडवलं होतं, टॅप डान्सचा क्लास त्याच वेळेला होता म्हणून. ती म्हणाली, "वाइल्डकार्ड मी एकटी करते. तू ग्रोसरीला जा." मी गेले. व्हिडिओ काही मला दाखवला नाही.

जानेवारीअखेर शिकागोला जा. युनिफाइड्स म्हणतात. देशभरातली कॉलेजं एकाच ठिकाणी खोल्या घेऊन बसतात आणि पोरं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळतात. पामर हाउस हे जुनं, सोनेरी छताचं हॉटेल वर्षानुवर्षं त्यांचं माहेरघर. कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून पंचवीस-तीस मुलं एकाच वेळी ओठांनी ब्रर्रर्र करत आवाज तापवत असतात. आळंदीच्या यात्रेत एसटीच्या गाड्या एकदम सुरू झाल्यासारखं वाटतं. तुमच्या पाठीवर वाफारा घ्यायचं यंत्र, मध, दोन जोड बूट, इस्त्री आणि ठेपले. ठेपले गुजराती शेजारणीकडून घ्या, पोळीपेक्षा टिकतात.

मुलीला गडद निळा ड्रेस घाला, पॅनेलच्या नजरेत भरायला. लिफ्टचं दार उघडलं आणि आत पाच गडद निळ्या मुली उभ्या होत्या. त्यांच्या पाच आया माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी ओळखते, हळदीकुंकवाला दोघींची पैठणी एकाच रंगाची निघाली की असंच हसतात.

गाण्याचे कागद बाइंडरमध्ये, न चमकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये लावा. पियानोवर बसलेला माणूस तुमच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो, तिचा बाइंडर हीच त्याची सगळी तालीम. त्याच्यासमोर चुटकी वाजवून लय सांगू नये, दोन ओळी गुणगुणून दाखवाव्यात. मी म्हटलं होतं, कशाला एवढं, आपल्या पेटीवाल्यांना मानेने खूण केली तरी पुरते. झेरॉक्स काढायचं काम नवऱ्याकडे द्या. त्याने ऑफिसच्या मशीनवर काढलेल्या प्रतीत खालची ओळ कापली गेली होती, म्हणजे पियानोवाल्याच्या डाव्या हाताला काम नव्हतं. पहिल्या खोलीत त्या भल्या माणसाने डावा हात स्वतःच्या कल्पनेने वाजवला. बाहेर आल्यावर मुलगी बापाशी एक शब्द बोलली नाही. तो कॉपी सेंटर शोधायला बर्फात गेला, ते बरंच झालं.

या सगळ्यात मंडळातल्या मैत्रिणींचे मेसेज येत राहतील. "मग ती शिकणार काय, नाटक?" उत्तर पाठ करून ठेवा: "परफॉर्मिंग आर्ट्स, बिझनेसमध्ये मायनर." मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ऐकून कुणाचं काही बिघडत नाही आणि बिझनेस ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

खोलीच्या दाराला कान लावू नका. तिथे उभा असलेला विद्यार्थी स्वयंसेवक सौम्यपणे सांगतोच. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी लावला. गाणं झालं, बरं झालं. आतून "थँक यू" आलं. इथे 'थँक यू'चा अर्थ पुरे, निघा असाही होतो हे मला तोवर कळलं होतं, म्हणून छातीत धस्स झालं. पण मोनोलॉगही झाला. मग एक बाई म्हणाल्या, वाइल्डकार्डमध्ये जे केलं होतंस ते इथे करशील?

क्षणभर शांतता. आणि आतून माझा आवाज आला.

"नो, नो, नो. यू लिसन टू मी. आय ॲम होल्डिंग सिन्स फॉर्टी मिनिट्स. व्हॉट इज युवर गुड नेम? स्पेल इट." मग रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखं हळू, मराठीत: "अगं गॅस बंद कर, दूध गेलं ऊतू!" आणि परत गोड: "येस, आय ॲम हिअर ओन्ली." इन्शुरन्सवाल्यांशी मी गेल्या दिवाळीत भांडले होते, शब्द न् शब्द तोच. उसासासुद्धा माझाच, तो मी आईकडून घेतलाय. आत चौघं-पाचजण हसत होते. थांबत नव्हते. अठरा कॉलेजांच्या शीटमध्ये 'खास कौशल्य' या रकान्यात मी कथक, पियानो आणि स्पॅनिश लिहिलं होतं.

दाराची मूठ फिरली तशी मी समोरच्या खुर्चीत बसून ठेपले मोजायला लागले.

"कसं झालं?"

"ओके."

"हसत होते का गं कुणी?"

"पियानोवाले काका जोक सांगत होते," ती म्हणाली, आणि बूट बदलायला खाली बसली.

मार्चअखेर होकार आला तो नेमका त्याच कॉलेजचा. बाकीच्यांनी वेटलिस्ट, नकार, आणि एकाने तर अभिनयाला हो आणि मार्कांना नाही असं कळवलं होतं. १ मेच्या आत पैसे भरायचे म्हणून आम्ही सांगलीला फोन लावला. प्रवेश गाण्यावर मिळाला असं मीच सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे बघितलं नाही.

आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चला. म्हणजे आता ते बार सुटले ना एकदाचे?"