पेनल्टीचा रामबाण उपाय आणि कुंपणापलीकडचे चेंडू

आमच्या कोथरूडच्या रविवारच्या फुटबॉलचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर एकच मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला, म्हणजे तो पुण्यात बराच फिरून आलेला असणार. वर ठळक अक्षरांत 'पेनल्टी मारण्याची शास्त्राने सिद्ध झालेली एकमेव पद्धत'. खाली पाच कलमं. वरच्या कोपऱ्यात मारा, तिथला चेंडू शंभर टक्के गोल. मधोमध मारणं मूर्खपणा. आपली एक बाजू ठरवून ती घोटा आणि कीपरकडे बघूच नका. शिट्टी वाजली की क्षणाचाही विलंब नको. आणि शेवटी, शूटआउट (बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा पेनल्टींवर लागणारा निकाल) ही लॉटरीच असते, सरावाने काही होत नाही. चार कलमांत पद्धत शिकवायची आणि पाचव्यात पद्धतीचा उपयोग नाही म्हणायचं, हे लिहिणाऱ्याला कुठे खटकलेलं दिसत नाही.

मी वीसेक वर्षं गोलात उभा राहिलोय, त्यामुळे पेनल्टी मारणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण ग्रुपवरचे दोन पालक हा मेसेज आपल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांकडून पाठ करून घेतायत, म्हणून लिहायला बसलो.

वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करू. तिथे गेलेला चेंडू कीपरच्या हाताला जवळपास लागत नाही, हे खरंच आहे. मी स्वतः तसे चेंडू फक्त मान वळवून बघितलेत. पण मोजलंय काय ते बघा. वरच्या कोपऱ्यात 'गेलेले' चेंडू मोजलेत. तिथे मारायला जाऊन बारवरून, म्हणजे गोलाच्या आडव्या दांड्यावरून, उडालेले चेंडू 'बाहेर' या रकान्यात जाऊन बसले, कोपऱ्याच्या हिशेबात ते आलेच नाहीत. लक्ष्मी रोडवर गाडी लावून झालेल्यांनाच विचारलं की इथे पार्किंग मिळतं का, तर शंभर टक्के लोक हो म्हणतील.

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चेंडू ११ मीटरवरच्या ठिपक्यावर. कोपऱ्यातला अर्ध्या मीटरचा चौकोन त्या ठिपक्यावरून जेमतेम अडीच अंशांचा दिसतो. बूट चेंडूखाली किंचित जास्त गेला की संपलं. १९९४च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इटलीचे बारेसी आणि बाजिओ, दोघांचेही चेंडू बारवरून गेले. २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सविरुद्ध इंग्लंडच्या हॅरी केनने पहिली पेनल्टी घातली आणि दुसरी प्रेक्षकांत पाठवली. या माणसांना पाय कसा टाकायचा हे माहीत नव्हतं, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. खालच्या कोपऱ्यात मारलेला चेंडू थोडा चुकला तरी बहुतेक वेळा गोलाच्या चौकटीतच राहतो, मग निदान कीपरला काम करावं लागतं. वर मारलेला चुकला तर कीपर नुसता हात वर करून हसतो. मी हसलोय.

आमच्या मैदानाच्या गोलामागे एक सोसायटी आहे. तिच्या भिंतीवर पाटी आहे: 'आत आलेला चेंडू परत मिळणार नाही. विचारू नये.' हा मेसेज फिरल्यापासून चार चेंडू गेले.

आता मधोमध. इथे मेसेज साफ चुकलाय, आणि का चुकलाय ते कीपरला विचारा. इस्रायली अभ्यासकांनी २८६ पेनल्टी तपासून २००७मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास २९ टक्के चेंडू मधल्या भागात आले होते, पण कीपर मध्ये थांबले होते फक्त सहा टक्के वेळा. बाकी सगळे डावीकडे नाहीतर उजवीकडे सूर मारून मोकळे. का? साधं आहे. सूर मारला आणि चेंडू दुसरीकडे गेला तर लोक म्हणतात, 'बिचाऱ्याने प्रयत्न तरी केला.' उभा राहिलो आणि कोपऱ्यात गोल झाला, तर बाहेरून आवाज येतो, 'काय रे, चहा घेत होतास का?' हा आवाज मी ऐकलाय, आणि त्यानंतरचे दोन मोसम मी एकाही पेनल्टीला जागेवर थांबलो नाही.

या लाजेवर पानेन्काची पेनल्टी उभी आहे. १९७६च्या युरोपियन फायनलमध्ये, बेलग्रेडला, पश्चिम जर्मनीचा कीपर सेप मायर बाजूला झेपावला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने चेंडू हळूच मधून टाकून कप जिंकला. २०२२च्या वर्ल्ड कप फायनलच्या शूटआउटमध्ये अर्जेंटिनाच्या दिबालाने मधोमधच मारला, फक्त जोरात. पण म्हणून आता 'मध्ये मारा' असा नवा मेसेज कोणी काढू नका. कीपरला कळलं की हा मध्ये मारतो, तर तो थांबेल, आणि मध्ये थांबलेल्या कीपरच्या अंगावर मारलेल्या पेनल्टीइतकं केविलवाणं मैदानावर काही नसतं.

तिसऱ्या कलमाचा घोटाळाही इथेच आहे. एकच बाजू घोटा म्हणे. उजव्या पायाच्या खेळाडूला स्वतःच्या डावीकडे मारणं सोपं जातं, हे प्रत्येक कीपर दुसऱ्याच सामन्यात शिकतो. वरच्या पातळीवर तर सगळं लिहून ठेवलेलं असतं. २०२४च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपियन देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडचा कीपर पिकफर्ड याच्या पाण्याच्या बाटलीवर स्वित्झर्लंडच्या खेळाडूंची यादी होती. अकांजीच्या नावापुढे 'डावीकडे सूर' असं लिहिलेलं. पिकफर्ड डावीकडे गेला, चेंडू अडला. कोथरूडमध्ये बाटलीवर कोणी लिहीत नाही, पण आमच्या कीपरच्या डोक्यात प्रत्येकाची बाजू पक्की असते.

'कीपरकडे बघू नका' यात मात्र थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. ताशी १०० किलोमीटरने मारलेला चेंडू ०.४ सेकंदात गोलरेषेवर पोचतो. धावता धावता शेवटच्या पावलाला बेत बदलला की पाय धड इकडे ना धड तिकडे पडतो. पोरांनी आधी ठरवून मारावं, हेच बरं. पण सरसकट नियम नाही. इंग्लंडच्या इव्हान टोनीसारखे काही जण कीपरवर नजर ठेवूनच मारतात. त्याच स्वित्झर्लंड सामन्यात त्याने चेंडूकडे न बघता गोल केला. त्यामागे किती तालीम असेल याचा विचार करा, मग नक्कल करा. आणि नक्कल करणाऱ्यांना आठवण: धावताना थबकणं चालतं, पण धाव संपवून, पाय उगारून, मग हूल देणं चालत नाही. पिवळं कार्ड मिळतं आणि फ्री किक समोरच्याला.

शिट्टीबरोबर मारण्याबद्दल फार लिहीत नाही. नॉर्वेचे अभ्यासक गेयर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतली शूटआउट्स तपासली, तर शिट्टीनंतर घाईघाईने धावणारेच जास्त चुकत होते. घाईमुळे चुकतात की घाबरलेला माणूस घाई करतो, हा वाद राहील. पण घाईचा फायदा होतो असं त्यातून निघत नाही. एक श्वास घ्या. रेफरी पळून जात नाही.

मेसेजात ज्याचा उल्लेखच नाही तो आधाराचा पाय, म्हणजे किक मारताना जमिनीवर रोवलेला. जुलैत आमच्या मैदानाचा ठिपका म्हणजे चिखलाची वाटी असते. २००८ची चॅम्पियन्स लीग फायनल, मॉस्को, पाऊस: चेल्सीच्या जॉन टेरीचा आधाराचा पाय घसरला आणि चेंडू पोस्टला लागून बाहेर. मार्च २०२५मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद क्लबचा अल्वारेझ पेनल्टी मारताना घसरला, चेंडू त्याच्या दोन्ही पायांना लागला, गोल रद्द. त्यानंतर नियमकर्त्यांनी खुलासा केला की असं चुकून झालं आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यायची. पावसाळ्यात चेंडू ठेवण्याआधी टाच रोवून जमीन बघा. माझ्या मते कोपऱ्याच्या निवडीपेक्षा याने जास्त गोल वाचतील.

आणि लॉटरी. याला पुरावा म्हणून मेसेजात स्पेन दिलाय: प्रशिक्षक लुईस एन्रिकेंनी खेळाडूंना हजार पेनल्टी मारून यायला सांगितलं होतं, तरी २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोविरुद्धच्या शूटआउटमध्ये तिन्ही वाया गेल्या. तीन किकवरून सराव निकामी ठरवायचा, तर मग २०२१च्या युरो फायनलला चुकलेल्या इंग्लंडच्या साकाने २०२४मध्ये त्याच दडपणात गोल केला आणि इंग्लंडने पाचच्या पाच घातल्या, त्याचं काय? २०२३च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत बेंगळुरूला भारताने सेमीफायनलला लेबनॉन आणि फायनलला कुवेत, दोन्ही सामने पेनल्टीवरच काढले. भारताचा कीपर गुरप्रीत याला लागोपाठ दोन लॉटऱ्या लागल्या म्हणायचं का?

येत्या रविवारी सकाळी सातला मी गोलाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत स्कूटरचे जुने टायर टांगून ठेवतो. मेसेज पाठवणाऱ्या तिघांनी यावं, प्रत्येकी दहा किक, टायरमधून किती जातात ते पोरांसमोर मोजू. सोसायटीत गेलेला चेंडू ज्याचा त्याने आणायचा, पाटी वाचून.