चौदावी-विसावी

सकाळपासून डोकं फिरलंय. बाबांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, म्हणून नवं पासबुक आणायला गेलो. तर जुन्या नावाची पितळी पाटी जिन्याखाली, झाडूशेजारी. "भंगारात जाणार," शिपाई म्हणाला. बाबांचा पहिला पगार त्या पाटीखाली जमा झाला होता हो!

आणि मला इंग्लंडमधल्या विंचेस्टरचा म्हातारा आठवला. तिथल्या घोडदळाच्या संग्रहालयात भेटलेला. रेजिमेंट कुठली विचारलं, तर ताठ होऊन म्हणाला, "फोर्टीन्थ-ट्वेंटिएथ!" अहो, ती 1992 मध्येच किंग्ज रॉयल हुसार्समध्ये विरली (हुसार्स म्हणजे हलकं घोडदळ). ती तरी कुठे मूळची? 1922 मध्ये चौदावी आणि विसावी हुसार्स जोडून केलेली. पण आकडे दोन्ही ठेवले, मध्ये फक्त तिरकी रेघ.

1992 ची वाटणीही बघा. टोपीवरचा प्रशियन, म्हणजे जुन्या जर्मन राज्याचा, गरुड चौदाव्या-विसाव्याचा. किरमिजी विजार अकराव्या हुसार्सची, म्हणजे विलीन झालेल्या दुसऱ्या बाजूची. बाहीवर कुकऱ्या, कारण 1945 मध्ये चौदावी-विसावीनं इटलीत मेदिचिना गाव गुरख्यांच्या साथीनं घेतलं होतं. दोन घरांची भांडी एकाच फळीवर लावावीत तसं.

भांड्यावरून आठवलं. 1813 मध्ये स्पेनमधल्या व्हिटोरियाच्या लढाईनंतर चौदावीनं जोसेफ बोनापार्टचं, म्हणजे नेपोलियनच्या भावाचं, चांदीचं लघवीचं भांडं लुटलं. मेसमधल्या मेजवानीला अधिकारी त्यातून शॅम्पेन पितात! हसा. मीही हसलो. म्हातारा नाही हसला.

मान्य, सैन्य आटलं, घोडे जाऊन रणगाडे आले, इतक्या रेजिमेंटी पोसणार कोण? बँकेचंही तसंच असेल. पण एक पाटी भिंतीवर राहू द्यायला काय खर्च येतो? लघवीचं भांडं दोनशे वर्षं जपलंय त्यांनी!

आणि हो, कुणी कमेंटमध्ये सुनावण्याआधी मीच सांगतो. हीच चौदावी 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर झाशीला होती. बेतवा नदीवर तात्या टोप्यांच्या फौजेवर तुटून पडली तीही हीच. 'सेंट्रल इंडिया' हा त्यांचा युद्धसन्मान. आपली राणी गेली, त्यांच्या मानाच्या यादीत दोन शब्द वाढले. राग आलाच. म्हाताऱ्याला विचारणार होतो, झाशी ठाऊक आहे का? पण तो त्या भांड्याबद्दल इतक्या मायेनं बोलत होता, की जीभ रेटली नाही.

असो. पाटी घेऊन आलोय. शिपायानं भंगाराच्या भावानं दिली. बाबा मघापासून ब्रासो शोधतायत.