संस्कृतींना कप्प्यांत कोंबू नका

‘प्रत्येक संस्कृती स्वतंत्र प्रकरणात, दुसरीची सरमिसळ न करता शिकवली तरच मानव्यविद्येचा पाया पक्का होतो,’ हे संस्कृती कशा शिकवाव्यात यावरच्या तुमच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचंच घ्या. ब्रिटिश म्युझियममध्ये ‘डेव्हिड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच फुलदाण्यांची जोडी आहे. तिच्या मानेवरच्या लेखात चक्क १३५१ सालाशी जुळणारी तारीख आहे आणि ही जोडी एका ताओ (चीनमधल्या एका धर्माच्या) मंदिराला अर्पण केल्याचंही लिहिलंय. अंगावर ड्रॅगन, धरायच्या मुठींच्या जागी हत्तींची तोंडं! माती चीनमधल्या जिंगदेझेन या शहराची, पण त्या काळी निळ्या रंगासाठीचं कोबाल्ट यायचं इराणकडून. पुढे अशाच भांड्यांच्या नकला तुर्कस्तानात इझनिकला आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला होऊ लागल्या. आता ही कहाणी कोणत्या प्रकरणात घालणार? चीनच्या, इराणच्या की युरोपच्या?

मी शिकवते तेव्हा आधी वस्तू दाखवते, सनावळ्या नंतर. हा रंग आला कुठून, हे भांडं घडवलं कोणासाठी, असे प्रश्न मुलं आपणहून विचारतात आणि त्यातूनच व्यापार, धर्म, सत्ता सगळं वर येतं. आफ्रिकेतल्या बेनिन राज्याच्या (आजच्या नायजेरियातल्या) पितळी फलकांचंही तेच. त्यांच्यासाठी लागणारं पितळ पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून येई आणि त्यांतल्या काहींवर खुद्द पोर्तुगीजही घडवलेले दिसतात. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने ते लुटून नेले. लेखात आफ्रिकेला जेमतेम एक परिच्छेद मिळालाय, त्यातही बेनिनचा उल्लेख नाही, याचं फार वाईट वाटलं.