गॅलरीतली टांकसाळ

ज्या घरात गीझर चालू असताना इस्त्री लावावी की नाही यावर आजही एकमत झालेले नाही, त्या घरात बिटकॉइन निर्माण करणारे यंत्र आणू नये, असा नियम आमच्या सोसायटीच्या उपविधींत नाही. मी तो शोधला. पार्किंग, कुत्री, गॅलरीतून ओघळणारे पाणी आणि गच्चीवर वाळवण घालण्याच्या वेळा या सर्वांचा त्यात तपशीलवार विचार केलेला आहे. परंतु चोवीस तास चालणाऱ्या खासगी टांकसाळीविषयी उपविधी मौन बाळगतात. या मौनाचा फायदा घेऊन माझा भाचा आमच्या कोथरूडच्या जुन्या इमारतीत असे एक यंत्र घेऊन दाखल झाला. स्वतःच्या भाड्याच्या खोलीत ते का ठेवले नाही, असे मी विचारले, तेव्हा तिथल्या घरमालकाने त्याचा आवाज ऐकला असल्याचे समजले.

"मामा, तुला काहीच त्रास नाही. फक्त एक प्लग लागेल," असे तो म्हणाला. हे विधान पुढे अक्षरशः खरे ठरले, कारण त्यानंतरच्या साऱ्या हालअपेष्टांच्या केंद्रस्थानी तो एक प्लगच होता.

यंत्र फूटभराहून थोडे लांब होते. दोन्ही टोकांना पंखे, मधे तीन पाट्या आणि प्रत्येक पाटीवर 63 चिप. 2016 सालच्या पिढीतले हे यंत्र जुन्या बाजारात इतके स्वस्त का मिळाले, याचेही उत्तर भाच्यापाशी होते. जुलै 2016 मध्ये एका ब्लॉकमागे, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, साडेबारा बिटकॉइनचे बक्षीस होते, ते दर चार वर्षांनी निम्मे होत एप्रिल 2024 पासून 3.125 वर आले आहे, त्यामुळे मोठमोठ्या कारखान्यांनी ही यंत्रे कधीच मोडीत काढली आहेत. कारखान्यांना जे परवडत नाही ते आपल्याला कसे परवडेल, हा माझ्या आईचा प्रश्न त्याने ऐकू न आल्यासारखे केले. यंत्राचे काम म्हणाल तर निव्वळ तर्क करण्याचे आहे. जगभरातली अशी सारी यंत्रे एका आकड्याविषयी अंदाज बांधत बसतात आणि सरासरी दहा मिनिटांनी कोणाचा तरी अंदाज बरोबर येऊन ते बक्षीस त्याला मिळते. आमचे यंत्र सेकंदाला साडेतेरा लाख कोटी तर्क करू शकत होते. आमच्या मजल्यावर ही क्षमता याआधी फक्त समोरच्या काकूंपाशी होती.

एवढे तर्क करण्यासाठी यंत्राला सुमारे 1350 वॉट लागतात. 230 व्होल्टवर तो प्रवाह सहा अँपियरच्या किंचित आत बसतो. भाच्याने हा भागाकार मोबाइलवर केला आणि सहा अँपियरच्या साध्या पॉइंटवर, तोही मधे एक्स्टेन्शन बोर्ड घालून, यंत्र सुरू केले. भागाकारात खोट काढण्यासारखे काही नव्हते. परंतु आपल्या घरांतली वायरिंग ही विश्रांती घेणाऱ्या उपकरणांच्या भरवशावर उभी असते, हे भागाकारातून कळत नाही. इस्त्री तापली की आपली आपण बंद होते, गीझरचा थर्मोस्टॅट पाणी तापल्यावर हात वर करतो, मिक्सरला तर चटणी वाटणारी व्यक्ती दमली की सुट्टी मिळते. हे यंत्र मात्र थांबत नाही. सकाळचा चहा, दुपारची झोप, रात्रीच्या बातम्या या सर्व काळात ते त्याच सहा अँपियरची अखंड मागणी करीत राहते आणि भिंतीच्या आत तीस-पस्तीस वर्षे कोणीही न पाहिलेला एक पितळी स्क्रू त्या मागणीला जबाबदार असतो.

पहिले लक्षण वासाचे होते. तापलेल्या बॅकेलाइटला, म्हणजे स्विच-प्लगच्या कडक प्लॅस्टिकला, थोडासा माशासारखा वास येतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे खालच्या मजल्यावर सुरमई तळली जात असल्याचा निष्कर्ष आईने काढला आणि एकादशीच्या दिवशीही तो वास आल्यावर तिने त्या कुटुंबाविषयीचे आपले मत कायमचे बदलले. दरम्यान यंत्र मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. भाच्याने लॅपटॉप उघडला. यंत्राला स्वतःचे एक पान असते, त्यावर प्रत्येक चिपच्या नावे एक बारीक 'ओ' दिसतो आणि चिप बिघडली की तिथे फुली येते. ते सर्व ओ तो तळहाताएवढ्या अक्षरांत मोठे करून तपासत होता, यंत्राची आतली नोंदवही वाचत होता, तापमानाचे आलेख माझ्यापुढे धरत होता. या काळात त्याच्या पाठीमागे चार फुटांवर प्लगची पांढरी कड बदामी झालेली होती. मला वाटते, शिकलेल्या माणसाचे असे होतेच. बिघाड जितका दूर आणि जितका सूक्ष्म, तितका तो शोधण्यात त्याला मान वाटतो.

वायरमनने यंत्राकडे पाहिलेही नाही. त्याने प्लगला हात लावला, चटकन मागे घेतला आणि म्हणाला, "साहेब, मशीन चांगलं आहे. तुमची पिन गेलीय." मेन स्विच बंद करून त्याने पॉइंट उघडला. फेजची तार स्क्रूखाली सैल होती, तिचे वेष्टण कडक होऊन तडकले होते आणि पितळेवर काळे धरले होते. अशा ढिल्या जोडात अर्धा ओहम रोध आला, तर सहाचा वर्ग छत्तीस, त्याचे निम्मे अठरा, म्हणजे अठरा वॉटची उष्णता त्या एका टिकलीएवढ्या जागेत रात्रंदिवस साठत राहते. अठरा वॉटवर बारीक सोल्डरिंग आयर्न तापते. ते आम्ही प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून पडद्यामागे ठेवलेले होते.

"पण मग एमसीबी का नाही पडला?" भाच्याने दुखावल्या स्वरात विचारले. हा प्रश्न रास्त होता आणि वायरमनचे उत्तरही. एमसीबी पडतो तो प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर किंवा शॉर्ट झाले तर. स्क्रू ढिला असला तरी प्रवाह सहा अँपियरच राहतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने घरात सर्व काही क्षेम असते. पडदा पेटून तारा एकमेकींना चिकटल्यावर तो पडला असता, अशी माहिती वायरमनने शांतपणे पुरवली.

त्यानंतर यंत्रासाठी मुख्य बोर्डापासून थेट चार स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, सोळा अँपियरचा स्वतंत्र पॉइंट आणि त्याचा वेगळा एमसीबी अशी व्यवस्था झाली. यंत्राची रवानगी मागच्या गॅलरीत झाली. एक्स्टेन्शन बोर्ड वायरमनने जप्त केला. संगणकाची म्हणून घरात जी बारीक काळी वायर पडली होती, तीही त्याने नाकारली आणि जाड वायर आणायला लावली. संध्याकाळी व्होल्टेज 190 वर उतरले की आपले पंखे मंदावतात, पण या यंत्राचा पॉवर सप्लाय तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी प्रवाह सात अँपियरच्या वर नेतो, असे त्याने टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती लावून प्रवाह मोजायचा चिमटा, लावून दाखवले. हा गृहस्थ आठवीनंतर शाळेत गेलेला नव्हता आणि भाचा अभियंता आहे. मी फक्त नोंद करतो.

येथे त्रास संपायला हरकत नव्हती. परंतु एका सकाळी गॅलरीतली कुंडी सरकवताना आईचा हात यंत्राच्या धातूच्या अंगाला लागला आणि तिला झिणझिण्या आल्या. भाच्याने ही स्थिर वीज असल्याचे सांगितले. आईने त्याला तिथेच हात लावून दाखवण्याची आज्ञा केली, त्यानंतर ती स्थिर वीज नसल्याबद्दल सर्वांचे एकमत झाले. कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या पेटीपर्यंत लहान कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल, तर पेटी पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते आणि वाट पाहते. त्या दिवशी तिला आई मिळाली.

"अर्थिंग आहे की साहेब," वायरमनने तिसऱ्या पिनेची हिरवी तार ओढून दाखवत सांगितले, "वायर टाकलेली आहे. फक्त ती कुठे गेलेली नाही." इमारत बांधताना प्रत्येक घरात हिरव्या तारा टाकल्या होत्या, त्या जिन्याखालच्या मीटरपेट्यांपर्यंत पोहोचल्या होत्या आणि तिथे पुढच्या सूचनांची प्रतीक्षा करीत तीन दशके थांबल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षे आमच्या गीझरची, फ्रिजची आणि धुलाई यंत्राची तिसरी पिन केवळ शोभेची होती. अर्थिंगचा मूळ खड्डा शोधला तेव्हा तो पार्किंगच्या फरशीखाली सापडला. त्यातला कोळसा आणि मीठ यांची कोरडी पूड झाली होती. सोसायटीच्या सभेत यावर भाच्याच्या यंत्राला मूळ दोषी ठरवण्यात आले. यंत्र आले नसते तर अर्थिंग नसल्याचे कळलेच नसते, असे एका सभासदाने संतापून सांगितले, आणि त्याच्या बोलण्यातला तर्क कोणालाही खोडता आला नाही. अखेर खड्डा नव्याने भरण्याचा, प्रत्येक घरात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवण्याचा आणि उन्हाळ्यात अर्थिंगला आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालण्याचा ठराव मंजूर झाला. पाणी कोणी घालायचे यावरची चर्चा पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.

इन्व्हर्टरविषयी थोडक्यात सांगतो. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी. आमचा इन्व्हर्टर 900 व्हीएचा, म्हणजे या यंत्रापुढे तोकडा, आहे आणि पूर्वीच्या कुठल्याशा कारागिराने गॅलरीची लाइन त्याच्यावर टाकून ठेवली होती. पहिल्या गुरुवारी त्याने जो आक्रोश केला तो ऐकून नव्या पॉइंटची तार वेगळी का ओढली नाही, असा सवाल वायरमनलाच विचारण्याची संधी भाच्याला मिळाली. परंतु नव्या पॉइंटची तार वेगळीच होती. वीज गेल्यावर यंत्र त्या जुन्या पॉइंटवर कोणी लावले, याचा तपास भाच्यापाशी येऊन थांबला.

यथावकाश यंत्राच्या तीन पाट्यांपैकी एक पाटी दिसेनाशी झाली. ती जागेवरच होती, परंतु यंत्राला ती दिसत नव्हती. भाचा चालू यंत्राच्या जोडण्या उपसायला निघाला, तेव्हा वायरमन योगायोगाने पैसे मागायला आलेला होता, म्हणून गॅलरी वाचली. आतली बाजू बारा व्होल्टची आहे, शॉक लागत नाही, हे भाच्याचे म्हणणे बरोबर होते. पण 1300 वॉटला बाराने भागले की 108 अँपियर येतात, आणि शंभर अँपियरवर लोक गेटला बिजागऱ्या वेल्ड करतात. तेव्हा आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग कपॅसिटर रिकामे होईपर्यंत चहा, आणि त्यानंतरच जोडण्यांना हात, असा क्रम ठरला. दहाही जोडण्या एकेक करून काढून घट्ट बसवल्या. एकेक पाटी एकटीच लावून पाहिली. दोष शेवटी एका चपट्या डेटा केबलचा निघाला, जी वाहतुकीच्या धक्क्यांनी केसभर वर आली होती. भाच्याने तोपर्यंत चिप बदलून देणाऱ्या दिल्लीतल्या दुकानाचा पत्ता शोधून ठेवला होता.

धूळ काढतानाही शिकण्यासारखे होते. ब्लोअरने पंखा गरगर फिरवला की भाच्याला गंमत वाटे. परंतु फिरवलेला पंखा स्वतःच वीज निर्माण करून उलट्या दिशेने पाट्यांकडे पाठवू शकतो, म्हणून पाती बोटाने धरून ठेवावी लागतात. हे काम माझ्याकडे आले.

आता मिळकतीचे. चोवीस तास चालले की यंत्र दिवसाला 32 युनिट खाते, महिन्याला साडेनऊशेच्या वर, आणि महावितरणच्या घरगुती दरांत 500 युनिटांवरची पायरी सर्वांत चढी आहे. त्या दिवसांच्या भावाने मिळकत विजेच्या खर्चाच्या पाव हिश्शालाही पोहोचत नव्हती. शिवाय अशा उत्पन्नावर 2022 पासून 30 टक्के कर आहे, आणि त्यातून विजेचे बिल वजा करता येत नाही. आईला हे नीट समजावून सांगितले, तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले की, तोट्यावरही कर भरण्याची सोय सरकारने केली आहे का.

तरीही यंत्र मोडीत गेलेले नाही, याला कारण आईच आहे. 1350 वॉटमधला शेवटचा वॉटही अखेर उष्णता होऊनच बाहेर पडतो. मे महिन्यात ती शिक्षा होती, परंतु पावसाळा सुरू झाला आणि घरभर ओल्या कपड्यांचा दमट वास पसरला, तेव्हा गॅलरीत मागच्या पंख्यातून येणाऱ्या कोरड्या गरम झोताकडे तिचे लक्ष गेले. वायरमनने हवा बाहेर पडते त्या बाजूला, प्लगपासून दूर आणि यंत्रापासून चार हात अंतरावर दोरी बांधून दिली, निथळणारा कपडा तिच्यावर घालायचा नाही अशी तंबी दिली, आणि तेव्हापासून टांकसाळ दुपारी दोन तास चालते. आषाढातही चादरी वाळतात.

परवा आईने भाच्याला बोलावून विचारले, "अरे, यातलं ते नाण्याचं बंद करून नुसती गरम हवा चालू ठेवता येईल का? आवाजही जरा कमी होईल."

"आजी, नुसती गरम हवा हवी असेल तर पंख्याचा हीटर मिळतो की," तो म्हणाला, "हजार-दीड हजारात."

"मग तो का नाही आणलास?" आईने विचारले.