वाकलेल्या खांबाची निगा कशी राखावी

गावात फायबरचं इंटरनेट यावं असं मनापासून वाटत असेल, तर आधी वेशीवरच्या त्या वाकलेल्या खांबाशी सलोख्यानं वागायला शिका. ग्रामपंचायतीपर्यंत येणारी काळी केबल त्याच्याच खांद्यावरून येणार आहे, आणि तो खांदा कैक वर्षांपासून बाभळीकडे झुकलेला आहे. टॉवर आणि उपग्रहाच्या गप्पा पारावर बसून नंतर मारता येतील.

खांब सरळ करून मिळावा असा अर्ज मात्र देऊ नका. नवखी माणसं तिथंच फसतात. खांबावरचा दिवा पंचायतीचा, तार वीज कंपनीची, केबल केंद्राच्या योजनेतली आणि आकडा तुमच्या चुलतभावाचा. उरला नुसता खांब. तो कोणाचा, हे चारचौघांत विचारणं शहाण्या माणसाला शोभत नाही. केबलवाला ठेकेदार म्हणेल, आम्ही बांधायला आलोय, उभं करायला नाही. वायरमन म्हणेल, एवढ्या वर्षांत पडला का? नाही ना? मग.

खांब कशामुळे वाकतो, याची तांत्रिक माहिती ठेवलेली बरी, म्हणजे वाऱ्याला उगाच शिव्या जायच्या नाहीत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दरवर्षी फुगायचं, दरवर्षी आकसायचं. त्यात खांबाचं बूड हलत राहतं. आठ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचा साधारण सहावा हिस्सा, म्हणजे सव्वा मीटरहून जास्त भाग जमिनीत हवा आणि भोवती काँक्रीट हवं. काँक्रीट असतंच. बिलात असतं. खड्ड्यात काय आहे हे बघायला खड्डा उकरावा लागतो, आणि उकरला की खांब पडतो, म्हणून कोणी उकरत नाही. ही व्यवस्था ज्यानं बसवली त्याच्या अकलेला दाद द्या.

पैशाची चिंता करू नका. पैसा आहे, आणि त्यात तुमचाही आहे. तुम्ही रिचार्ज मारता, त्यातून मोबाइल कंपन्यांची जी समायोजित, म्हणजे ठरलेल्या वजावटी सोडून उरलेली, कमाई होते तिच्यातले ५ टक्के २००२ पासून खेड्यापाड्यांच्या सेवेसाठी वेगळे काढले जातात. त्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. त्याच्याच जोरावर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायचं ठरलं, २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. आकडा मोठ्यानं वाचा. पुन्हा एकदा वाचा. मग बाहेर जाऊन खांबाकडे बघा. दोन्ही एकाच दिवशी पाहणं प्रकृतीला झेपत नसेल तर आकडा सोमवारी वाचा आणि खांब गुरुवारी बघा.

अमेरिकेत म्हणे या बाबतीत फारच घाई. टेक्सासनं ग्रामीण ब्रॉडबँडसाठी नुसते खांब बदलायला साडेसात कोटी डॉलरचा वेगळा निधी काढला. नॉर्थ कॅरोलायनानं खांब बदलण्याचा निम्मा खर्च, खांबामागे १०,००० डॉलरपर्यंत, सरकारी निधीतून परत द्यायची योजना काढली. कारण तिकडे भांडण असं, की नव्या केबलसाठी उंच किंवा दणकट खांब लागला तर पैसे खांबाच्या मालकानं भरायचे की केबलवाल्यानं, आणि तेवढ्यावरून काम महिनोन्‌महिने अडतं. आपल्याकडे असला तंटाच नको म्हणून २०२२ च्या नियमांत सरकारी खांबावरून केबल न्यायचं भाडं खांबामागे वर्षाला १०० रुपये ठरवून दिलं. शंभर रुपयांत वर्षभर खांबाला टेकायला मिळतं. तो खांब उभा राहावा ही अपेक्षा त्या शंभरात धरायची म्हणजे हावरटपणा झाला.

आता प्रत्यक्ष निगा. खांब पूर्वेला झुकला असेल तर पश्चिमेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फलक ओढून बांधा. भावी आमदार जितका वजनदार तितका तोल चांगला. ताणाच्या तारेला म्हैस बांधू नका. तारेत कधी करंट उतरेल ते सांगता येत नाही. म्हैस गेली तर पंचनामा होतो, आणि पंचनाम्यात खांब कोणाचा हा प्रश्न निघतो. तो आपल्याला काढायचा नाही हे वर ठरलंच आहे.

खांब झुकला की केबल लोंबते. लोंबती केबल आणि उसाची डबल ट्रॉली यांची गाठ ठरलेली. माजलगावकडच्या माणसाला हे सांगायला नको. कारखान्याचं बॉयलर पेटलं की समजावं, आता गाळप संपून पट्टा पडेपर्यंत गावाचं नेट ट्रॉलीवाल्याच्या मर्जीवर. उसातून वाचलंच तर ज्वारी निघाल्यावर कडब्याची गाडी आहे. पोरांना एक लांब काठी देऊन रस्त्यावर बसवा. गाडी आली की केबल उचलून धरायची. गावातल्या सुशिक्षित बेकारांना माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात संधी मिळते ती अशी.

केबल जमिनीखालून आली असती तर बरं, असं कोणी म्हणालं तर त्याला नळयोजनेच्या चाऱ्या दाखवा. त्या जेसीबीनं गावाला पाणी दिलं की नाही ते माहीत नाही, केबल मात्र प्रत्येक वळणावर शोधून काढली. यावर सरकारनं मार्च २०२३ मध्ये उपाय केला आहे: खोदण्याआधी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाच्या ॲपवर कळवायचं. जेसीबीवाल्याला ॲप दाखवा. रेंज नाही म्हणाला तर पाण्याच्या टाकीवर चढायला सांगा.

वरच्या गावाशी मात्र वैर धरू नका. जुन्या रचनेत केबल एका ओळीत एका गावातून दुसऱ्या गावात जाते. त्यांच्याकडे तुटली की तुमच्याकडे गेली. सुधारित कार्यक्रमात रिंग केली आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं नेट येईल. दुसऱ्या बाजूलाही काळीच माती आहे, पण सुरुवातीलाच अपशकुन नको.

एवढं करून केबल पंचायतीत पोचलीच, तर तिथं एक डबा बसतो. डब्याला वीज लागते. वीज कोणत्या खांबावरून येते ते तुम्हाला ठाऊक आहे. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं. ‘नेट कवा येतंय?’ असं कोणी विचारलं तर ‘येऊलालंय’ म्हणा. हे उत्तर चुकीचं ठरल्याचं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

शेवटी तपासणी. साहेब येणार असतील तर खांबाला चुना-गेरू मारून घ्या आणि काम पूर्ण झाल्याचा फोटो काढायला हुशार पोरगा निवडा. फोटो काढताना मोबाइल खांबाच्या कलानं धरायचा. मग खांब ओळंब्यात येतो. मागची शाळा, साहेबांची गाडी आणि सरपंच तेवढे तिरपे दिसतात. सरपंचांना थोडं उलट्या बाजूला कलून उभं राहायला सांगा, म्हणजे तेही सरळ येतील. फोटो अपलोड करायला तालुक्याला जावं लागेल. एसटी सकाळी साडेनऊची.