उंची, वजन आणि रनिंग बॅक : प्रसाद यांच्या प्रतिसादाला उत्तर

प्रसाद, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की त्याखाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसेना, म्हणून स्वतंत्र उत्तर. ज्यांनी तो प्रतिसाद वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलसाठी रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणारा गडी) निवडताना कोच उंचीला नको तितकं महत्त्व देतात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. प्रसाद म्हणतात, मी बॅरी सँडर्स आणि डॅरेन स्प्रोल्स अशी 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' छापाची दोन नावं घेतली आणि त्यावर नियम उभा केला. जी ठेंगणी पोरं कुठेच पोचली नाहीत, त्यांचा हिशेब कुणी मांडायचा? शिवाय नोव्हेंबरच्या थंडीत बिग टेन या मोठ्या कॉलेज लीगमध्ये २२० पौंडांचा गडीच लागतो, आणि लाखो डॉलर घेणारे कोच काही खुळे नसतात. शेवटी थेट सवाल : "तुम्ही कोच असतात तर पाच फूट सात इंच, १६५ पौंडांच्या पोराला स्कॉलरशिप दिली असती का?"

सवालाकडे शेवटी येतो. आधी एक तक्रार. तुम्ही उंची आणि वजन एकाच पोत्यात भरलंत. माझं भांडण फक्त उंचीशी आहे.

कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या विभागात एका हंगामात सर्वाधिक रशिंग यार्ड (चेंडू घेऊन धावत कापलेलं अंतर) काढणारे पहिले चौघे बघा. बॅरी सँडर्स, ओक्लाहोमा स्टेट, १९८८ : २,६२८. ॲश्टन जेंटी, बॉयझी स्टेट, २०२४ : २,६०१. मेल्विन गॉर्डन, विस्कॉन्सिन, २०१४ : २,५८७. केविन स्मिथ, सेंट्रल फ्लोरिडा, २००७ : २,५६७. पहिले दोघे पाच फूट आठ-साडेआठ इंचांचे, पुढचे दोघे सहा फूट एक इंचाचे. म्हणजे उंचीवरून काहीच कळत नाही. वजन मात्र चौघांचंही २०० पौंडांच्या वर. सँडर्स 'छोटा' होता असं आपण सर्रास म्हणतो, पण त्याच्या मांड्या पाहिल्यात का कधी? तो बुटका होता, हलका नव्हता. विचिटातल्या शाळेतून तो बाहेर पडला तेव्हा मोजक्याच कॉलेजांनी त्याला विचारलं, कारण बघणाऱ्यांनी टेप डोक्याला लावली, मांडीला नाही.

जेंटीचं उदाहरण मला जास्त जवळचं. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आहे, जिथे आता मराठी घरं गल्लोगल्ली सापडतात. तिथल्याच लोन स्टार हायस्कूलचा हा पोरगा. रिक्रूटिंगवाल्यांनी त्याला पाचपैकी तीनच तारे दिले आणि तो आयडहोतल्या बॉयझी स्टेटला गेला. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी तो उभा कसा राहतो ते मुद्दाम बघा. बाकीचे बॅक गुडघे वाकवून, हात मांड्यांवर टेकून दबा धरतात. हा ताठ, हात खाली सोडून, बसची वाट बघत असल्यासारखा. चेंडू हातात पडला की मात्र खांदे एकदम खाली, आणि टॅकल करणाऱ्याला धरायला उरते ती फक्त हलणारी मांडी. एका माणसाच्या धडकेत तो क्वचितच पडायचा. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या कंबाइनमध्ये (निवडीआधीच्या चाचणीत) मोजला तेव्हा २११ पौंड भरला, आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, रेडर्स संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर उचलला.

तुमच्या बाजूचा मुद्दाही मांडतो, नाहीतर तुम्ही मांडालच. २०२४च्याच हंगामाच्या शेवटी फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे हंगामाअखेरचा खास सामना) समोर पेन स्टेट आली, बिग टेनची, आणि जेंटीला चेंडू घेऊन ३० वेळा धावून १०४ यार्डच मिळाले. सँडर्सचा विक्रम २७ यार्डांनी हुकला. (सँडर्सने तो ११ सामन्यांत केला, जेंटीला १४ मिळाले होते. सँडर्सच्या बोल सामन्याचे २२२ यार्ड त्या काळच्या नियमाने धरलेच नाहीत.) पण पेन स्टेटची ती बचावफळी सहा फुटी बॅकलाही काही रस्ता सोडत नव्हती. त्या दिवशी जेंटीचे चार इंच कमी पडले म्हणणं म्हणजे ओढूनताणून.

आता फुकट गेलेल्या पोरांबद्दल. तुमचा आक्षेप रास्त आहे, पण तो दुधारी आहे. पाच फूट सात इंचांच्या पोराला शाळेतच कुणीतरी सांगतं, बाबा रे, तू स्लॉट रिसीव्हर (पास झेलणारा) हो, नाहीतर कॉर्नर (पास अडवणारा). त्याने कॉलेजात बॅक म्हणून कधी चेंडू धरलेलाच नसतो, तर तो 'अपयशी ठरला' हे मोजायचं कशावरून? कोचचा अनुभव म्हणतात तोही याच चाळणीतून आलेला असतो. चाळणी दुसऱ्या टोकालाही लागते बरं का : डेरिक हेन्रीने फ्लोरिडात युलीच्या शाळेत १२,१२४ यार्ड काढले, राष्ट्रीय विक्रम, तरी सहा फूट तीन इंच बघून 'हा पुढे लाइनबॅकर (बचावातला धिप्पाड गडी) होणार' म्हणणारे होतेच. २०१५चा हाइझमन, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याने अलाबामात रनिंग बॅक म्हणूनच नेला.

हलकेपणा मात्र खरंच नडतो, आणि तो कुठे नडतो हे हायलाइटमध्ये दिसत नाही. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात यार्ड बाकी. पास ठरलाय. २३५ पौंडांचा लाइनबॅकर चार-पाच यार्ड धावत मधल्या फटीतून येतो आणि त्याच्या आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मध्ये फक्त बॅक उभा असतो. इथे ठेंगणं असणं उलट फायद्याचं, कारण खालून छातीत घुसता येतं. पण १७० पौंडांचा पोरगा जागा अचूक ओळखूनही मागे ढकलला जातो आणि स्वतःच्याच क्वार्टरबॅकच्या पायात पडतो. पायांशी झेपावून कट ब्लॉक करता येतो, पण लाइनबॅकर दुसऱ्या वेळी उडी मारून जातो. मग कोच तिसऱ्या डाउनला दुसराच बॅक आणतो, आणि समोरच्याला बदल बघूनच खेळ कळतो. कोच वजन मागतात ते याच्यासाठी. इथे मी त्यांच्या बाजूने आहे.

डॉनेल पम्फ्री हा अपवाद. जेमतेम १७५ पौंडांचा हा गडी सॅन डिएगो स्टेटमध्ये २०१६ साली २,१३३ यार्ड धावला, कारकिर्दीचे ६,४०५. एनएफएलमध्ये मात्र त्याचा जम बसला नाही. पण कॉलेजच्या कोचला चार वर्षांचा माणूस हवा असतो. ती चार वर्षं पम्फ्रीने भरभरून दिली, आणि रिक्रूटिंगचा हिशेब तिथेच मिटतो.

वेग किती वजन भरून काढतो, याचा एक ढोबळ हिशेब फुटबॉल विश्लेषक बिल बार्नवेल यांच्या स्पीड स्कोअरमध्ये मिळतो : वजन गुणिले २००, भागिले चाळीस यार्डांच्या वेळेचा चौथा घात. २०० पौंड, ४.५ सेकंद म्हणजे साधारण ९७. तेवढाच स्कोअर १८० पौंडांत हवा तर ४.३८ धावावं लागतं. सूत्र एनएफएलसाठी बनवलेलं आहे आणि त्यात उंचीला जागाच नाही, एवढंच बघा.

तर तुमच्या सवालातला पोरगा. पाच फूट सात हा आकडा आता फारसा हलणार नाही. १६५ हलेल, कारण तो सतरा वर्षांचा आहे आणि कॉलेजच्या वेटरूममध्ये अजून गेलेला नाही. खांदे रुंद असतील, मनगट-घोटे जाड असतील, तर दोन वर्षांत १९० होईल आणि मी त्याला डोळे मिटून घेईन. हाडच बारीक असेल तर शंभर मीटरची वेळ विचारेन, आणि ती साडेदहाच्या आसपास नसेल तर नाही म्हणेन. असा कुणी खरोखर तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्या ऐंशी-ऐंशी यार्डांच्या टचडाउनच्या क्लिप नकोत. चेंडू हातात नसताना, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारा हल्ला) अंगावर येताना तो कुठे उभा असतो, त्या पाच-सहा तेवढ्या पाठवा.